मिलिंग कटर

परिघावर, टोकावर किंवा दोन्हीकडे धारेचे दात असलेले फिरते कर्तन-हत्यार. लेथच्या (तुकडा फिरवून तासणाऱ्या यंत्राच्या) हत्याराची धार सलग धातूत असते. कटरचा दात मात्र जॉबला (कापायच्या तुकड्याला) भिडतो, एक चिप (धातूचा कीस) काढतो आणि बाहेर पडतो. म्हणून दाताचे कोन ठरवताना या धक्क्याचाही विचार करावा लागतो.

उपलब्ध कटरांपैकी सर्वांत जुना फ्रेंच यंत्रकार झाक द व्होकांसाँ (मृत्यू १७८२) यांचा समजला जातो. त्याचे दात कानशीसारखे बारीक आहेत. मिलिंग यंत्राचे (कटर फिरवणाऱ्या यंत्राचे) श्रेय अमेरिकन कारखानदार एली व्हिटनी (सु. १८१८) यांना देण्याची प्रथा १९१० च्या दशकात यंत्र-इतिहासकार जोसेफ रो यांच्या लेखनामुळे रुजली. इतिहासकार रॉबर्ट वुडबरी व नंतरच्या अभ्यासकांनी बंदूक-कारखानदार सिमियन नॉर्थ व रॉबर्ट जॉन्सन आणि हार्पर्स फेरी येथील अमेरिकन सरकारी शस्त्रकारखान्याचे जॉन हॉल यांनाही तितकेच, कदाचित अधिकच, श्रेय दिले आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते. बंदुकीचे भाग एकसारखे काढण्याची निकड या सर्वच कारखान्यांना होती. कटरापुरते बोलायचे तर जोसेफ ब्राउन यांचे १८६४ चे पेटंट निर्णायक आहे. त्यात दाताची पाठ अशा वक्राने उतरवलेली असते की फक्त समोरचे तोंड घासून धार लावली तरी कापाचा आकार बदलत नाही. मात्र घासताना तोंडाचा मूळ कोन राखला नाही, तर हा सगळा फायदा जातो.

दाताच्या तोंडाचा कल म्हणजे रेक कोन. तो धन (तोंड मागे कललेले) असेल तर चिप सहज सुटते आणि जोर कमी लागतो, पण धार नाजूक होते. अ‍ॅल्युमिनियमला मोठा धन रेक, दोन-तीन दात आणि चिपला प्रशस्त खाच लागते. पोलादाला बहुधा चार दात चालतात. ठिसूळ कार्बाइडच्या इन्सर्टला (कटरात बसवायच्या, बदलता येणाऱ्या धारेच्या तुकड्याला) जड कामात शून्य किंवा ऋण रेक देतात. धारेमागचा मोकळा कोन अपुरा असेल तर दात कापण्याऐवजी घासतो.

फेऱ्या मिनिटाला = १००० × कर्तनवेग (धारेचा वेग, मी./मिनिट) ÷ (३.१४ × व्यास मिमी). २० मिमी हायस्पीड स्टीलच्या कटराला सौम्य पोलादात २५ मी./मिनिट वेग धरला तर सुमारे ४०० फेऱ्या येतात. कापाची रुंदी व्यासाच्या एक-दशांश असेल तर चिपची कमाल जाडी दर दातामागच्या फीडच्या (जॉब जितका पुढे सरकतो त्याच्या) सुमारे ६० टक्केच राहते. अशा वेळी फीड वाढवला नाही तर दात घासत राहतो, आणि स्टेनलेस स्टील त्यामुळे आणखी कडक होते. कटरची फिरण्याची दिशा आणि फीड एकाच बाजूने असतील तर चिप जाड सुरू होऊन पातळ संपते व पृष्ठ चांगले येते. पण टेबल सरकवणाऱ्या स्क्रूत बॅकलॅश (आट्यांतील सैलपणा) असलेल्या जुन्या यंत्रावर कटर टेबलच ओढून घेतो.

मुंबईत या हत्यारांची जुनी बाजारपेठ म्हणजे नागदेवी स्ट्रीट. इथे गियर कटर (दातेरी चाकाचे दात कापणारा कटर) घेताना क्रमांकाचा घोटाळा होतो. १८५४ पासून शहरात उभ्या राहिलेल्या कापड गिरण्यांची यंत्रे बहुतांश लँकेशायरची, म्हणजे इंची मापाची. मेट्रिक माप नंतर आले. दाताचे माप इंची पद्धतीत डायमेट्रल पिचने (व्यासाच्या दर इंचामागे दात) आणि मेट्रिकमध्ये मॉड्यूलने (दर दातामागे व्यासाचे मिमी) सांगतात. दोन्ही पद्धतींत एका मापाला आठ कटरांचा संच असतो, पण क्रमांक उलट लागतात. डायमेट्रल पिचमध्ये १ क्रमांक १३५ दातांपासून रॅकपर्यंत (सरळ दातेरी पट्टीपर्यंत) आणि ८ क्रमांक १२-१३ दातांना. मॉड्यूलमध्ये १ क्रमांक १२-१३ दातांना. ३० दातांच्या चाकाला पहिल्या पद्धतीत ४ क्रमांक लागतो, दुसऱ्या पद्धतीत ५. दुकानात नुसता क्रमांक न सांगता पिच किंवा मॉड्यूल, दाब कोन (दाताच्या बाजूचा कल) आणि दातांची संख्या सांगणे सुरक्षित.

शिवाय प्रत्येक कटर आपल्या टप्प्यातील सर्वांत कमी दातांच्या आकाराचा घडवलेला असतो. २६ ते ३४ च्या कटराने ३४ दात कापले तरी वक्र २६ चाच उमटतो. सावकाश फिरणाऱ्या चाकांत हा फरक चालतो. वेगवान गियरपेटीत आवाज येतो, म्हणून तेथील चाके हॉबिंगने (स्क्रूसारखा कटर आणि चाक जुळवून फिरवत) कापतात.