घरचा कॉफी अर्क आणि काळी पडलेली कॉइल

माझा मावसभाऊ लंडनला असतो, तिकडे व्हेप (म्हणजे ई-सिगारेट, द्रव तापवून त्याची वाफ ओढायची) दुकानात उघड मिळतं, आणि विकतचा कॉफी फ्लेवर जळक्या साखरेसारखा लागतो म्हणून ह्या पठ्ठ्याने घरीच अर्क काढायला घेतला. बरणीत जाडसर दळलेली कॉफी, वर बुडेल इतकं प्रॉपिलीन ग्लायकॉल (व्हेपच्या द्रवात असतं तेच), बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात, मग दोन दिवस तशीच, शेवटी फिल्टर पेपरमधून गाळायचं. व्हिडिओ कॉलवर दाखवलं मला, काकवीसारखा रंग.

अर्क व्हेपमध्ये भरला आणि तिसऱ्या दिवशी फोन, कॉइल (द्रव तापवणारी तार) गेली. उघडली तर द्रव शोषून धरणारा कापूस काळा आणि तारेवर दुधाच्या पातेल्यात बसते तशी खरवड, फक्त काळीकुट्ट.

होणारच. प्रॉपिलीन ग्लायकॉल 188 अंश सेल्सियसला उकळतं, व्हेपच्या द्रवातलं दुसरं ग्लिसरीन 290 ला, म्हणजे दोघांची वाफ होते. पण कॉफीतून नुसता वास थोडाच उतरतो, भाजताना तयार झालेले मेलॅनॉइडिनचे मोठमोठे तपकिरी रेणू येतात (पावाच्या कडेला रंग देतात तेच), कर्बोदकं येतात, थोडंफार तेल पण, कारण अरेबिकाच्या बीमध्ये तेलच साधारण 15 टक्के असतं. ह्यांची नीट वाफ होत नाही, ते तिथेच करपतात.

कॉइल नवी आणता येते हो, फुफ्फुसाचं काय? कॉफी भाजताना डायअ‍ॅसिटाइल आपोआप तयार होतं, लोण्यासारखा वास असतो त्याला. खाल्लं तर काही नाही, पण 2000 साली अमेरिकेत मिसुरीतल्या जॅस्पर गावच्या पॉपकॉर्न कारखान्यात त्याची वाफ रोज हुंगणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आखडल्याचं समोर आलं. ते द्रवात विरघळलेलं असतं, फिल्टर पेपर काय अडवणार? आणि तेल फुफ्फुसात गेलं तर वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो. आपल्याकडे तर 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे.

एवढं करून वास तरी टिकावा ना! भाजलेल्या कॉफीत 800 च्या वर सुगंधी संयुगं सापडलीत, पण ताज्या कॉफीचा तो ओळखीचा वास बराचसा फरफ्युरिल थायॉलमुळे येतो, 1920 च्या दशकात राइखस्टाइन आणि श्टाउडिंगर ह्यांनी शोधलेलं हे गंधकाचं संयुग, आणि दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, अर्थात दुसऱ्याच कामांसाठी. हे थायॉल महा नाजूक, हवा लागली की बिघडतं.

भावाची बाटली अजून खिडकीत आहे, आता म्हणे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो.