दोन वेळचं जेवण: बैलांच्या घड्याळापासून मोबाईलपर्यंत

'दोनदाच जेवा, मध्ये काही खाऊ नका' हा वजन उतरवायचा सल्ला आता वऱ्हाडातल्या खेड्यांतही मोबाईलवर फिरतो. म्हाताऱ्या माणसांना त्याचं नवल वाटत नाही. तीनदा-चारदा खायला होतं कुणाकडं?

पूर्वी जेवणाची वेळ बैलं ठरवायची. दिवस उगवायच्या आत डवरं जुंपायचं, ऊन चढलं की औत सोडायचं. निघताना चहासोबत रात्रीच्या शिळ्या भाकरीचा तुकडा, आणि खरी जेवणं दोनच: औत सुटल्यावर बांधावर शिदोरी, दिवेलागणीला घरचं जेवण. रॉकेल जाळत रात्री दहाला जेवणं परवडत नसे. शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा नाहीतर जवसाची चटणी, पावसाळ्यात तरोट्याची भाजी, नंतर अंबाडी. भंडारा-गडचिरोलीकडं भाकरीच्या जागी भात. हे ताट काही आदर्श नव्हतं. धान्याचा ढीग, वरण पातळ, दूध बहुतेक चहापुरतं. पण निंदण-डवरणात ते सगळं जिरायचं.

ज्वारी एका दिवसात गेली नाही. 1964 साली सीएसएच-1 हे संकरित वाण आलं. उत्पन्न वाढलं, पण कापणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडे, आणि त्या दाण्याची भाकर घरातच कुणाला आवडेना. मग 1980-90 च्या दशकांत सोयाबीन पसरलं. शंभरेक दिवसांत पीक हाती, रोख पैसा, वर हरभऱ्यासाठी वावर मोकळं. शेतकऱ्याचा हिशेब चुकला असं मी म्हणणार नाही. मात्र ज्वारीसोबत कडबा गेला, कडब्यासोबत गोठ्यातली बैलं कमी झाली, त्यांच्या जागी ट्रॅक्टर आला. म्हणजे ज्या घड्याळावर जेवण चालायचं तेच दावणीवरून सुटलं. आणि सोबत अंगमेहनतही.

रेशननं ताट आणखी बदललं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला 5 किलो धान्य ठरलं, तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो. 2023 पासून तेही मोफत. उपासमार ज्यांनी पाहिली त्यांना याची किंमत सांगावी लागत नाही. पण भाकरीची जागा पोळी-भातानं घेतली, आणि दोन जेवणांच्या मधली मोकळी जागा स्टँडवरच्या आलुबोंड्यानं, तर्री-पोह्यानं आणि दिवसाच्या पाच-सहा गोड चहांनी भरली.

गंमत अशी, की दोन जेवणांचा आजचा सल्लाही विदर्भातूनच निघाला. काटोल भागातले डॉ. श्रीकांत जिचकार (मृत्यू 2004) आपल्या व्याख्यानांतून सांगत, की खाल्लं की दर वेळी इन्सुलिन हे चरबी साठवायला लावणारं संप्रेरक स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. पुढं डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो विचार महाराष्ट्रभर नेला: कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत, शिवाय रोज 45 मिनिटं चालणं.

वेळेला अर्थ आहे का? 2013 साली स्पेनमध्ये 420 जणांवरच्या अभ्यासात दुपारी तीननंतर जेवणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. उलट 2022 साली चीनमधल्या 139 लठ्ठ लोकांच्या वर्षभराच्या चाचणीत, मोजकं खाणाऱ्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खाल्ल्याचा वेगळा म्हणावा असा फायदा दिसला नाही. मला वाटतं, घड्याळाला आपण जरा जास्तच श्रेय देतो. दोन जेवणांचा खरा उपयोग मधला आलुबोंडा सुटण्यात असावा. (इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. शुगर एकदम उतरून चक्कर येते, वावरात एकटं असताना तर ते जिवावर बेतू शकतं.)

ताटाचं काय, ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शनात सांगितलं आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यातून 45 टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. डाळी, भाज्या, दूध वाढवा. या मापानं आजोबांची शिदोरीही नापास होते. भाकर परत आणणं त्यामानानं सोपं, पाव एकर ज्वारी घरापुरती पेरता येते. वरण घट्ट करणं अवघड. घरची तूर बाजारात जाते, आणि महिन्याभरानं तीच डाळ होऊन किराणा दुकानातून पाव-पाव किलोनं घरी येते.