सेलिमिये मशीद

तुर्कस्तानातील एदिर्ने शहरात असलेली ऑटोमन काळातील मशीद. ग्रीस आणि बल्गेरियाच्या सीमांलगतचे हे शहर इस्तंबूल जिंकले जाईपर्यंत, म्हणजे १४५३ पर्यंत, ऑटोमनांची राजधानी होते. सुलतान दुसरा सेलीम याच्या आज्ञेवरून १५६० च्या दशकाच्या अखेरीस बांधकाम सुरू झाले आणि १५७५ मध्ये मशीद नमाजासाठी खुली झाली. सुलतान मात्र त्याआधीच, डिसेंबर १५७४ मध्ये, मरण पावला होता.

वास्तुकार मिमार सिनान याने उतारवयात उभारलेली ही वास्तू त्याची सर्वश्रेष्ठ कृती मानली जाते. इस्तंबूलमधील शहजादे मशीद ही आपली उमेदवारी, तेथीलच सुलेमानिये मशीद ही कारागिरी आणि सेलिमिये ही उस्तादी, असे त्याचे म्हणणे परंपरेने सांगितले जाते. इस्तंबूलमधील आयासोफिया या सहाव्या शतकात चर्च म्हणून बांधलेल्या वास्तूच्या घुमटाशी बरोबरी करणे ही ऑटोमन वास्तुकारांची जुनी आकांक्षा होती. सेलिमियेचा घुमट सुमारे ३१ मी. व्यासाचा, म्हणजे जवळजवळ आयासोफियाइतकाच आहे. परंतु सिनानचे खरे यश आकारापेक्षा रचनेत दिसते. सुलेमानियेत त्याने घुमट चार खांबांवर पेलून त्याला दोन बाजूंनी मोठ्या अर्धघुमटांचा आधार दिला होता. येथे त्याने आठ खांब अष्टकोनात मांडून भिंतींच्या जवळ सरकवले आणि कोपऱ्यांत लहान अर्धघुमट बसवले. त्यामुळे मधला अवकाश कोठेही न तुटता एकसंध राहतो, आणि भाराचा बराच भाग खांब व बाहेरचे धिरे (भिंतींना टेकू देणारे बांधीव आधार) पेलत असल्याने भिंतींत खिडक्यांच्या ओळी काढता येऊन आत भरपूर उजेड येतो. घुमटाच्या बरोबर खाली, छोट्या संगमरवरी खांबांवर, मुअज्जिनांचा (अजान देणाऱ्यांचा) चौथरा आहे. त्याच्या एका खांबावर कोरलेले उलटे ट्यूलिपचे फूल पाहण्यासाठी लोक आवर्जून थांबतात. मिहराबाच्या (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या) भिंतीवर तुर्कस्तानातील इझनिक गावच्या रंगीत फरशा जडवलेल्या आहेत.

चारही कोपऱ्यांत सुमारे ७० मी. उंचीचे सडपातळ मिनार असून प्रत्येकाला तीन सज्जे आहेत. त्यांपैकी दोन मिनारांत तीन स्वतंत्र जिने एकमेकांभोवती असे फिरवले आहेत, की तीन माणसे एकाच वेळी वर चढली तरी त्यांची गाठ पडत नाही.

मशिदीचा व तिच्या परिसरातील मदरशांचा २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. लगतची छपराची बाजारपेठ सिनाननंतरचा मुख्य वास्तुकार दावूद आगा याने सुलतान तिसरा मुराद याच्या काळात बांधली. तेथील दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च भागवला जाई.