मांजराचं वावडं आणि केसांवरचा जुना आळ

‘मला मांजराच्या केसांची अ‍ॅलर्जी आहे’ हे वाक्य इतकं रुळलंय की त्यात काही चुकत असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. मग ओघानंच पुढचे बेत होतात: बिनकेसांची जात आणू, नाहीतर रोज विंचरू. केसांवर हा आळ बरीच वर्षं राहिला, आणि तो खोडून निघाला तो डॉक्टरांनी आधी स्वतःचंच शरीर चाचपल्यामुळे.

लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी होते. 1860 साली त्यांनी दम्यावर ग्रंथ लिहिला आणि त्यात साध्या घरगुती मांजराच्या नुसत्या जवळ असण्यानं उठणाऱ्या दम्याचं वर्णन केलं. दमा हा मुख्यतः मज्जातंतूंचा विकार मानण्याचा तो काळ. प्राण्याच्या अंगावरून काहीतरी हवेत येतं, इथपर्यंत निरीक्षण पोचलं होतं. ते ‘काहीतरी’ काय, हे सांगायला कुणाकडे साधन नव्हतं. डोळ्यांना दिसत होते ते केस, त्यामुळे संशय तिकडेच गेला असणार.

चाचणीची वाट परागकणांच्या बाजूनं आली. चार्ल्स ब्लॅकली या इंग्रज डॉक्टरांना स्वतःला परागज्वर होता. त्यांनी आपल्याच हाताची त्वचा खरवडून तिच्यावर परागकण लावून पाहिले आणि 1873 साली ते प्रयोग छापले. आजची प्रिक टेस्ट त्याच घराण्यातली. हातावर संशयित पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवायचा, त्यातून सुईनं हलकंसं टोचायचं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मांजराच्या अर्काच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी खाजरी गांध उठली, तर संशयाला आधार मिळतो. (आदल्या दिवसांत अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जी दाबणारं औषध, घेतलं असेल तर गांध उठतच नाही, म्हणून ते आधी बंद ठेवायला सांगतात.) पण नुसती गांध म्हणजे निदान नव्हे; मांजराजवळ गेल्यावर त्रास होतो का, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा.

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द 1906 सालचा, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवलेला. पुढे 1921 मध्ये प्राउस्निट्झ या जर्मन डॉक्टरांनी मासळीची अ‍ॅलर्जी असलेल्या क्युस्टनर या सहकाऱ्याचा रक्तद्रव आपल्या त्वचेत टोचून घेतला, त्या जागी मासळीचा अर्क सोडला आणि तिथेच प्रतिक्रिया उठली. म्हणजे खोड रक्तात होती. रक्तातला तो घटक, आयजीई हे प्रतिपिंड (परक्या पदार्थाला चिकटणारं शरीराचं प्रथिन), सापडायला 1966-67 उजाडलं: अमेरिकेत इशिझाका पतिपत्नी, स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश.

आणि मांजराच्या बाजूचा घटक? तो 1970च्या दशकात वेगळा काढला गेला. फेल डी 1 हे त्याचं नाव मांजराच्या शास्त्रीय नावातली अक्षरं घेऊन केलेलं आहे. हे प्रथिन त्वचेतल्या तैलग्रंथींत आणि लाळेत तयार होतं. मांजर पंजा चाटून तोंडावरून फिरवतं, मग मान वळवून पाठ चाटतं, तेव्हा ते केसांवर माखलं जातं. वाळलं की कोंड्याबरोबर सुटतं. केस हे फक्त वाहन. म्हणून बिनकेसांचं मांजरही सुटका करत नाही. त्याला त्वचा आहे आणि जीभही. कुठल्याही जातीवर ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ अशी चिठ्ठी लावून विकणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. न खच्ची केलेल्या बोक्यात हे प्रथिन जास्त असतं, एवढा फरक मात्र खरा.

या कणांचा चिवटपणा कळल्यावर निदानातले बरेच घोळ उलगडले. धुळीतल्या माइट्स या सूक्ष्म किड्यांचे कण चटकन खाली बसतात. मांजराचे बारीक कण तासन्‌तास तरंगत राहतात आणि कपड्यांना चिकटून घराबाहेर पडतात. मांजर नसलेल्या घरांत, शाळांच्या वर्गांतही फेल डी 1 सापडलं आहे. त्यामुळे कायम चोंदलेलं नाक, खाजरे डोळे, रात्रीचा खोकला यांना ‘सर्दीच ती’ म्हणून वर्षानुवर्षं खपवून घेतलं जातं. ‘मांजर दुसरीकडे ठेवून महिना झाला, काही फरक नाही, म्हणजे ती अ‍ॅलर्जी नव्हेच’ हा निष्कर्षही फसवा: मांजर गेल्यावर घरातलं प्रमाण पुरेसं उतरायला बहुधा चार ते सहा महिने लागतात.

मांजर ठेवायचंच असेल तर झोपायची खोली त्याला बंद ठेवणं, गालिचे आणि जाड पडदे कमी करणं, मांजराला हात लावल्यावर ते डोळ्यांना न लावता धुणं, हवेतले बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर वापरणं, याचा थोडाथोडा उपयोग होतो. आंघोळ घातली तर प्रथिन उतरतं खरं, पण काही दिवसांत पुन्हा चढतं, आणि मांजराचा राग मात्र टिकतो. औषधांत अँटिहिस्टामिन आणि नाकातले स्टेरॉइड फवारे आहेत. इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराला त्या पदार्थाची हळूहळू सवय लावणारी, इंजेक्शनं 1911 पासूनची, लंडनच्या लेनर्ड नून यांनी परागकणांवर सुरू केलेली. छातीत घरघर किंवा धाप असेल तर घरगुती तडजोडी बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं. तो दमा असू शकतो.

अलीकडची वाट तर मांजराच्या ताटलीतून जाते. कोंबडीच्या अंड्यातली, फेल डी 1ला चिकटणारी प्रतिपिंडं खाद्यावर लावली जातात. खाताना ती तोंडातल्या लाळेत मिसळून प्रथिनाला निष्प्रभ करतात. सगळं नाही, काही भागच. मग मांजर पूर्वीसारखंच बसून अंग चाटत राहतं.