कोंबडी खुडूक बसते तेव्हा

शिमगा सरला की परसातली एखादी गावठी कोंबडी हमखास खुडूक बसते. अंडी बंद, पिसं फुगलेली, टोपलीतून उठायचं नाव नाही. हात घालावा तर गुरगुरून टोचते. रोजचं अंडं गेलं म्हणून घरात कुरकुर सुरू होते. कुणी तिला बादलीत बुचकळतं, कुणी नाकात पीस खुपसतं. पण हा आजार नाही आणि हट्टही नाही; ती अंडी उबवायला बसलेली असते.

सगळ्याची सुरुवात उजेडापासून होते. डिसेंबरात आपल्याकडे दिवस साधारण 11 तासांचा असतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो 12 तासांवर येतो. कोंबडी हा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखत नाही. कवटीतून झिरपणारा उजेड तिच्या मेंदूतल्या पेशी थेट टिपतात, तिथून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो आणि अंडी सुरू होतात. मग आठ-दहा अंडी साठली, त्यांचा पोटाला स्पर्श होत राहिला, की रक्तात प्रोलॅक्टिन वाढतं. या संप्रेरकामुळे अंडाशय आखडतं, भूक मंदावते, पोटावरची पिसं झडून उघडी, गरम कातडी अंड्यांना भिडते. बुचकळल्याने पोट घटकाभर थंड होतं, एवढंच. नाकात पीस हा तर निव्वळ छळ. अंडी काढून घेऊन तिला खालून वारा खेळणाऱ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, तर काही दिवसांत प्रोलॅक्टिन आपोआप उतरतं.

व्हाइट लेगहॉर्न या भरपूर अंडी देणाऱ्या विलायती जातीमधून ही सवय माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळपास काढून टाकली. बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज या सुधारित जातीही क्वचितच बसतात. त्यामुळे गिरिराजची अंडी गावठीखाली रवणीला, म्हणजे उबवायला, घालायची, ही युक्ती गावोगाव चालते. सुधारित जातीची आई भाड्याची!

खरी गंमत अंड्यात आहे. दहा दिवसांत मागेपुढे दिलेली अंडी जवळपास एकाच दिवशी कशी फुटतात? अंडं पोटातून बाहेर येतं तेव्हा त्यातल्या गर्भाची वाढ सुरू झालेली असते. बाहेर थंडावा मिळाला की ती थांबते, आणि कोंबडी बसून 37-38 अंशांची ऊब देऊ लागली की सगळ्यांची घड्याळं एकदम चालू होतात. चैत्रात हे गणित बिघडतं. पस्तीस अंशांच्या खोलीत ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढतो आणि मरतो. म्हणूनच रवणीची अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात साठवायची, तीही आठवड्यापेक्षा जास्त नाही.

सातव्या रात्री अंधारात अंडं टॉर्चवर धरा. लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसलं तर गर्भ जिवंत. नुसता पिवळट उजेड आरपार आला तर अंडं वांझ. कोंबडी दिवसातून अनेकदा अंडी उलटवते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. स्वतः मात्र दिवसाकाठी एखाद्या वेळी, दाण्यापाण्यापुरती उठते.

एकविसाव्या दिवसाच्या आसपास चोचीवरच्या टणक टोकाने पिल्लू कवच फोडतं. त्याआधीच उरलेला बलक त्याने पोटात ओढून घेतलेला असतो. त्या शिदोरीवर पहिली पिल्लं दोनेक दिवस उपाशी राहू शकतात, म्हणून आई मागे राहिलेल्यांसाठी थांबते. त्यानंतर ती कुक्‌कुक्‌ करत पिल्लांना घेऊन उकिरड्याकडे निघते. टोपलीत उरलेल्या अंड्यांकडे वळूनही पाहत नाही.