ईस्टरची रात्र की ईस्टरची पहाट? व्हिजिल आणि सनराइज सर्व्हिस

अमेरिकेतल्या एखाद्या एपिस्कोपल (म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून आलेल्या अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चचं ईस्टरचं वेळापत्रक पाहिलं, तर त्यात अनेकदा तीन वेळा दिसतात. शनिवारी रात्री साडेआठला ग्रेट व्हिजिल (जागरणाची उपासना), रविवारी पहाटे सव्वासहाला सनराइज सर्व्हिस (सूर्योदयाची उपासना) आणि सकाळी साडेदहाला मुख्य उपासना. तिसरीबद्दल कुणाला शंका नसते. गोंधळ होतो तो पहिल्या दोहोंचा. दोन्ही अंधारात सुरू होतात, दोन्हीकडे सुरुवातीला उघड्यावर थंडीत उभं राहावं लागतं, दोन्हीकडे 'ख्रिस्त उठला आहे' अशी घोषणा होते आणि लोक 'प्रभू खरोखर उठला आहे' असं उत्तर देतात. म्हणून 'रात्री जमलं नाही तर पहाटे जाऊ, सारखंच आहे' असं सर्रास म्हटलं जातं. ते सारखं नाही. एकीत आपण पुनरुत्थानाच्या, म्हणजे ख्रिस्त मरणातून उठला त्या, रात्रीतून जातो, दुसरीत पुनरुत्थान घडून गेल्यावर कबरेपाशी पोचतो.

महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्यांचा गोंधळ जास्त होतो, त्याला कारण आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अँग्लिकन मंडळ्यांबरोबर प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा परंपरांच्या मंडळ्याही त्यात आल्या. हे चर्च अँग्लिकन कम्युनियनचं सभासद आहे आणि एपिस्कोपल चर्चही त्याच कुटुंबातलं. त्यामुळे नगर-पुण्याकडचं कुटुंब न्यू जर्सीत एपिस्कोपल मंडळीत सहज सामावतं. पण त्यांना ओळखीची असते ती ईस्टरच्या पहाटेची उपासना; शनिवार रात्रीची व्हिजिल अनेकांना नवीन. वसईकडच्या कॅथलिक कुटुंबांचं उलट होतं. त्यांना रात्रीचा विधी माहीत असतो आणि पहाटे मैदानात खुर्च्या मांडून बसलेले लोक पाहून त्यांना नवल वाटतं.

व्हिजिलला लिखित क्रम आहे. एपिस्कोपल चर्चच्या 1979 च्या बुक ऑफ कॉमन प्रेअर या प्रार्थनापुस्तकात तो सविस्तर छापलेला आहे. त्याआधीच्या, 1928 च्या पुस्तकात तो नव्हता. 1979 च्या पुस्तकात स्पष्ट सांगितलं आहे की व्हिजिल ही ईस्टरच्या दिवसाचीच पहिली उपासना आहे आणि ती पवित्र शनिवारचा सूर्यास्त ते ईस्टरचा सूर्योदय यांच्या दरम्यान सोयीच्या वेळी व्हावी. तेव्हा शनिवारी रात्री गेलेल्या माणसानं ईस्टरची उपासना पूर्ण केलेली असते. रविवारी पुन्हा यावं, प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) पुन्हा घ्यावं, हरकत काहीच नाही. पण 'काल फक्त तयारी झाली' असं समजू नये.

तिचे भाग चार. पहिला प्रकाशाचा. काळोखात नवा अग्नी पेटवायचा, त्यावरून पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावायची, ती घेऊन मिरवणुकीनं अंधाऱ्या चर्चमध्ये शिरायचं. वाटेत तीनदा थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं गायचं, लोकांनी 'देवाला धन्यवाद' म्हणायचं. त्याच ज्योतीवरून हातातल्या छोट्या मेणबत्त्या लागत जातात. मग डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पदावरचा सेवक), किंवा गळा असलेला दुसरा कुणी, एक्सुल्टेट हे प्राचीन स्तोत्र एकट्यानं गातो. 'हीच ती रात्र' असं त्यात पुन्हा पुन्हा येतं: इस्राएल लोक समुद्रातून कोरड्या पायांनी गेले ती रात्र, ख्रिस्तानं मरणाची बंधनं तोडली ती रात्र. व्हिजिल समजून घ्यायची तर हे स्तोत्र लक्ष देऊन ऐकावं. त्यात निर्गमाची रात्र, पुनरुत्थानाची रात्र आणि आज आपण उभे आहोत ती रात्र एकाच श्वासात येतात.

दुसरा भाग वाचनांचा. बायबलच्या जुन्या करारातले नऊ उतारे दिलेले आहेत: उत्पत्ती, जलप्रलय, इसहाकाचं अर्पण, तांबड्या समुद्रातून पार होणं (हाच निर्गमाचा उतारा), यशयातले दोन, यहेज्केलातले दोन आणि सफन्यातला एक. किमान दोन वाचायचे आणि त्यांत निर्गमाचा उतारा असलाच पाहिजे. (रोमन कॅथलिक विधीत सात उतारे आहेत आणि किमान तीन वाचायचे असतात, निर्गमाची अट तिथेही आहेच.) प्रत्येक वाचनानंतर थोडी शांतता, एखादं स्तोत्र आणि छोटी प्रार्थना. तिसरा भाग बाप्तिस्म्याचा. कुणी उमेदवार नसेल तर सगळी मंडळी आपल्या बाप्तिस्म्याच्या प्रतिज्ञा पुन्हा घेते. बाप्तिस्म्यासाठी विशेष योग्य म्हणून प्रार्थनापुस्तकानं जे मोजके दिवस नेमले आहेत, त्यांत ही रात्र आहे. चौथा भाग म्हणजे ईस्टरचं पहिलं प्रभुभोजन. इथे दिवे लागतात, अनेक ठिकाणी घंटा वाजतात आणि लेंटभर, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, न उच्चारलेला 'हालेलूया' हा जयघोष पहिल्यांदा कानावर पडतो.

आता यात चुकतं कुठे ते पाहू, कारण व्हिजिल बिघडते ती बहुतेक वेळा तयारीत.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. मुलांना लवकर झोपायचं म्हणून सहाला सुरुवात करतात आणि लख्ख उजेडात 'काळोखातला प्रकाश' गायला जातो. मार्चअखेरीला न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पावणेआठच्या जवळ. पुरता अंधार व्हायला त्यानंतर आणखी पाऊण तास धरावा. म्हणजे मार्चमध्ये आठ आणि एप्रिलमध्ये साडेआठ ही वेळ बरोबर बसते. आमच्या मते याला पर्याय नाही; प्रकाश हा पहिला भाग आहे आणि अंधार नसेल तर तो भाग उरतच नाही.

दुसरी चूक विजेची. मिरवणूक आत शिरते आणि माणसाच्या चाहुलीनं लागणारे दिवे व्हरांड्यात आपोआप पेटतात. ते शनिवारी दुपारीच बंद करून ठेवावेत. धूप आणि अग्नी दोन्ही असतील तर धुराच्या अलार्मच्या कंपनीलाही आधी कळवावं, नाहीतर एक्सुल्टेटच्या मध्यात भोंगा वाजतो आणि अग्निशमन दल दारात येतं. उतारे वाचणाऱ्यांसाठी पुस्तकाला लावायचा छोटा दिवा ठेवावा. वयस्कर वाचकाला एका मेणबत्तीवर बारीक अक्षर वाचता येत नाही.

मेणबत्तीचंही तंत्र आहे. पास्काची नवी मेणबत्ती पहिल्यांदा लवकर पेटत नाही, कारण वातीवर मेणाचा थर असतो. आदल्या दिवशी ती काही मिनिटं जाळून विझवून ठेवावी. अग्नीपासून दारापर्यंतच्या वाटेत वारा असला तर ज्योत जाते, म्हणून अग्नी दाराजवळ आणि भिंतीच्या आडोशाला पेटवावा. छोटी शेगडी, सुकी बारीक लाकडं, शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक एवढं पुरतं. जागा नसेल तिथे काही मंडळ्या लोखंडी भांड्यात एप्सम सॉल्ट आणि अल्कोहोल घेऊन बिनधुराची ज्योत पेटवतात. तसं केलं तर एक नियम कधीही मोडू नये: पेटलेल्या किंवा गरम भांड्यात वरून अल्कोहोल ओतायचं नाही. आग धारेवरून उलट बाटलीत चढते आणि माणूस भाजतो.

लोकांना सुरुवातीलाच सांगावं की पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली तिच्याकडे तिरपी करायची. उलट केलं की गरम मेण बोटांवर आणि गालिच्यावर सांडतं, आणि सोमवारी अल्टार गिल्डच्या (वेदीची देखभाल करणाऱ्या गटाच्या) बायका इस्त्री आणि कागद घेऊन ते काढत बसतात.

वाचनं कापणं ही तिसरी चूक. दोनच उतारे वाचले तर नियम पाळला जातो, पण रात्र रात्रीसारखी वाटत नाही. चार तरी घ्यावेत: उत्पत्ती, निर्गम, यशयाच्या 55 व्या अध्यायातलं 'तान्हेल्यांनो, पाण्याजवळ या' आणि यहेज्केलातली सुक्या हाडांची दरी. एवढं घेतल्यास बाप्तिस्म्यासकट उपासना दोन तासांच्या आसपास होते. नऊच्या नऊ वाचले तर अडीच-तीन तास धरावेत.

सनराइज सर्व्हिसची वंशावळ वेगळी आहे. 1732 साली जर्मनीतल्या हर्नहुट गावी मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीतले अविवाहित तरुण ईस्टरच्या पहाटे गावाच्या दफनभूमीत जमले आणि त्यांनी गीतं गात सूर्योदय पाहिला. तिथून ही प्रथा मोरावियन लोकांबरोबर अमेरिकेत गेली. नॉर्थ कॅरोलायनातल्या सेलमला 1772 मध्ये सुरू झालेली अशी उपासना पितळी वाद्यांच्या बँडसाठी आजही प्रसिद्ध आहे. पुढे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा सगळ्यांनी ती उचलली. एपिस्कोपल मंडळीत ती अनेकदा शेजारच्या इतर चर्चेसबरोबर मिळून होते, आणि हा तिचा मोठा गुण आहे. व्हिजिल ही त्या मंडळीची घरची उपासना असते. पहाटेला अख्खा गाव येऊ शकतो, बाप्तिस्मा न झालेला शेजारीसुद्धा संकोच न करता येतो.

प्रार्थनापुस्तकात सनराइज सर्व्हिसचा वेगळा क्रम नाही. कुठे सकाळची प्रार्थना घेतात, कुठे पूर्ण प्रभुभोजन, कुठे दोन गीतं, शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी एकातलं वाचन) आणि छोटा उपदेश. पाऊण तासात सारं आटोपतं. वाचन बहुधा योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायाचं असतं: अंधार असतानाच मरीया मग्दालीया कबरेकडे येते, धोंड काढलेली पाहते. फरकाचं मूळ इथेच आहे. मार्काच्या शुभवर्तमानात स्त्रिया येतात तेव्हा सूर्य उगवलेला आहे, योहानात अजून अंधार आहे. पण चारही शुभवर्तमानांत कबर त्याआधीच रिकामी झालेली आहे. प्रभू उठला तो क्षण कोणी पाहिलेला नाही. व्हिजिल त्या न पाहिलेल्या क्षणाभोवती जागते, म्हणून तिचा प्रकाश माणसानं पेटवलेल्या अग्नीतून येतो. पहाटेची उपासना स्त्रियांबरोबर चालत जाते, म्हणून तिला खरा सूर्य लागतो. तिथे नवा अग्नी नसतो, एक्सुल्टेट नसतं, निर्गमाचा उतारा सक्तीचा नसतो, आणि हालेलूया पहिल्या गीतापासून असतो.

तिची व्यवस्था मात्र सोपी समजू नये. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यात कुठेही येतो, तेव्हा न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे सूर्योदय सहाच्या थोडा पुढे ते सातच्या थोडा आधी सरकत राहतो. गेल्या वर्षीची वेळ तशीच छापू नये. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी फटफटायला लागतं, म्हणून सुरुवात वीस-पंचवीस मिनिटं आधी ठेवावी. पूर्वेला टेकडी किंवा दाट झाडं असतील तर सूर्य दिसायला आणखी वेळ लागतो. लोकांची तोंडं पूर्वेला असली की ऊन थेट डोळ्यांत येतं आणि हातातला कागद वाचता येत नाही; गीतं पाठ असलेलीच निवडावीत. गवत दवानं ओलं असतं. वाऱ्यात प्रभुभोजनाच्या चकत्या उडतात, त्यांना झाकणाचं भांडं आणि मेणबत्तीला काचेची चिमणी लागते. जागा सार्वजनिक बागेतली असेल तर परवानगी आधी घ्यावी लागते. चर्चच्या आवारात अस्थी पुरलेली स्मृतिबाग असेल तर आमच्या मते तीच उत्तम जागा. हर्नहुटची मंडळीही आपल्या मृतांमध्येच उभी होती.

घड्याळावरून मात्र ओळखायला जाऊ नये. काही मंडळ्या व्हिजिलच पहाटे पाचला सुरू करतात. अग्नी अंधारात, वाचनं होईतो खिडक्या उजळतात, आणि प्रभुभोजनाच्या वेळी ऊन आत येतं. वेळापत्रकावर पहाट दिसली तरी ती व्हिजिलच. उलट, जिथे व्हिजिल होत नाही तिथे प्रकाशाचा भाग ईस्टरच्या दिवशीच्या उपासनेआधी घेण्याची मुभा पुस्तकात आहे. त्यामुळे एखाद्या पहाटेच्या उपासनेतही अग्नी आणि एक्सुल्टेट दिसू शकतात. पण ज्या मंडळीनं रात्री व्हिजिल केली, तिनं पहाटे पुन्हा नवा अग्नी पेटवू नये. एकदा लागलेली पास्काची मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) प्रत्येक उपासनेत जळते. पहाटे बाहेर नेण्यासाठी तिच्यावरून कंदील लावून घ्यावा.

जेवणावळीही वेगळ्या असतात. व्हिजिलनंतर रात्री उशिरा प्रत्येकानं घरून आणलेले पदार्थ हॉलमध्ये मांडले जातात. लेंटमध्ये सोडलेलं गोडधोड, चीज, वाइन तेव्हा बाहेर येतं. पहाटेनंतर पॅनकेक आणि कॉफी, कारण सगळे गारठलेले असतात. लहान मुलांना पहाटेची उपासना झेपते. व्हिजिलला त्यांना आणायचं तर अग्नी आणि निर्गम होईपर्यंत बसवावं, मग पांघरूण देऊन बाकावर झोपू द्यावं. त्यात गैर काही नाही.

लहान मंडळीला दोन्ही पेलत नसतील आणि पूर्णवेळ प्रीस्ट (धर्मगुरू) नसेल, तर 'प्रीस्टशिवाय व्हिजिल होतच नाही' असं समजून ती सोडून देतात. ते चूक आहे. बिशप किंवा प्रीस्ट नसेल तर डीकन किंवा साधा प्रशिक्षित वाचकही प्रकाशाचा भाग, वाचनं, प्रतिज्ञांचं नूतनीकरण आणि शुभवर्तमानाचा भाग चालवू शकतो, असं पुस्तकातच आहे. शेवटी मंडळीच्या प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि निरोप. वाचक असेल तर त्या रात्री प्रभुभोजन होणार नाही, ते रविवारी प्रीस्ट येतील तेव्हा घ्यायचं. डीकनला मात्र आधीच्या प्रभुभोजनात पवित्र करून ठेवलेल्या भाकरीतून ते देता येतं.