मनोची आई

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनचा विषय निघाला की ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचं ख्रिस्ती होणं आठवतं, त्यावरचा वाद आठवतो, आणि बोलणं बहुधा तिथेच अडकून पडतं. त्या वादाच्या मध्यावर एक लहान मुलगी होती: रमाबाईंची लेक मनोरमा, घरातली मनो. तिच्या बाबतीतला शेवटचा शब्द कुणाचा, यावरून रमाबाई इंग्लंडमधल्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींशीही भांडल्या आणि पुण्यातल्या सुधारकांशीही.

4 फेब्रुवारी 1882 रोजी रमाबाईंचे पती बिपिन बिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले. त्यांचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालेलं, तेही परजातीत, आणि त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. रमाबाई 23 वर्षांच्या होत्या, मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची. माहेरी जावं तर माहेर उरलंच नव्हतं. पुराणं सांगत गावोगाव फिरणारं डोंगरे कुटुंब दुष्काळात उपासमारीनं संपलं होतं. आधी वडील अनंतशास्त्री गेले, मग आई लक्ष्मीबाई, मग थोरली बहीण. भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये गेला. घरातून बरोबर आलं ते संस्कृत, आणि ते आईनं शिकवलेलं. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून अनंतशास्त्रींना शास्त्रार्थाला उभं राहावं लागलं होतं. त्या लक्ष्मीबाई दिवसाची कामं सुरू होण्याआधी पहाटे मुलीचा पाठ घेत. कोलकात्याच्या पंडितांनी 1878 मध्ये रमाबाईंना ‘सरस्वती’ म्हटलं, त्याची मुळं या पहाटेच्या पाठांत आहेत.

पती गेले त्याच वर्षी, 1882 मध्ये, मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या. काही महिन्यांतच आर्य महिला समाज उभा राहिला, ‘स्त्रीधर्मनीति’ छापून झालं, आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगासमोर त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. कडेवर तान्ही मुलगी असताना एका वर्षात हे सगळं! पुस्तकाच्या पैशांतून 1883 मध्ये इंग्लंडच्या बोटीचं भाडं निघालं. वैद्यकी शिकायचा बेत होता, पण ऐकू कमी येऊ लागल्यानं तो बारगळला. त्याच सप्टेंबरात, वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहत असताना, मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचा संघर्ष त्यांच्या पत्रव्यवहारात वाचायला मिळतो. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. मनोवर या आजीबाईंचा जीवही होता. रमाबाई कॉलेजसाठी चेल्टनहॅमला राहत तेव्हा पोर मठाच्या देखरेखीखाली असे. पण तिला कळण्याच्या वयाआधी धर्मसिद्धान्त पाठ करून घ्यायला आईची मनाई होती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्याचं तत्त्व त्यांना स्वतःलाच पटलेलं नव्हतं, मग ते लेकीच्या गळी कसं उतरवू देणार? पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी 1885 मध्ये कळवलं. त्यांचा शाकाहार सुटला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असंही त्यांनी विचारलं. जोगिणींना हा अहंकार वाटला. मला त्यात लक्ष्मीबाईंची मुलगी दिसते.

1886 च्या मार्चमध्ये नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्यासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक हातोहात खपलं. बोस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं आणि दहा वर्षांच्या मदतीचं वचन मिळालं. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा मुलींसाठीची शाळा आणि वसतिगृह, शारदा सदन, सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. गोदूबाई नातू, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी, इथेच शिकल्या.

सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत मनोबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली, पालक मुलींना घेऊन गेले, रानडे आणि भांडारकर 1893 मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार लावून घेतलं असतं तर बरंच काही टळलं असतं. पण माझ्या घरात मी माझ्या मुलीबरोबर काय करते, ते लपवणार नाही, यावर त्या अडून राहिल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, हेही मान्य करायला हवं: काही मुलींनी पुढे खरोखरच धर्मांतर केलं.

केडगावची जमीन आधी फळबागेसाठी घेतली होती, अमेरिकेची मदत थांबल्यावर सदनाला उत्पन्न असावं म्हणून. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग आणि त्याचे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांची सोय या रानात करावी लागली. तेच मुक्ती सदन, म्हणजे आजचं मुक्ती मिशन. उपास म्हणजे काय हे रमाबाईंना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

मनोरमा मात्र बरीचशी आईपासून लांबच वाढली, मठात, इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत. तिनं आपलं काम पुढे न्यावं हे आईनं ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं किती, कोण जाणे. परतल्यावर मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवली, शाळा चालवल्या, गुलबर्ग्यालाही शाळा काढली. तब्येत नाजूकच होती. 24 जुलै 1921 रोजी, वयाच्या चाळिशीत, आईच्या आधी त्या गेल्या.

रमाबाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्याच्या शेवटच्या टप्प्यावर होत्या. मुक्तीतल्या छापखान्यात खिळे जुळवायला त्यांनीच शिकवलेल्या बायका होत्या. लेकीमागून साडेआठ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी, त्याही गेल्या. छपाई 1924 मध्ये पूर्ण झाली.